पितळी टिचबटणं

शर्टाच्या उजव्या कफावर एक स्क्रू उभा होता. खसखशीच्या दाण्याहून जेमतेम मोठा. डोकं कापडाला टेकलेलं, टोक वर. बाईंनी बाही झटकली, तो पडला नाही. बाही उलटी धरली, तर वटवाघळासारखा लटकून राहिला. नखाने बाजूला सारला तेव्हा कडेपर्यंत सरकला, आणि नख उचलताच पुन्हा मधे येऊन उभा राहिला, जणू तीच त्याची ठरलेली जागा.

बाईंनी बादलीवरचा नळ बंद केला आणि न्हाणीघरातल्या स्टुलावर बसल्या.

घड्याळजींशी संसार करून केस पांढरे झालेल्या बाईंना हा स्क्रू कुठला, ते कुणी सांगायची गरज नव्हती. मनगटी घड्याळाच्या पोटातला, पोलादाचा. असला एखादा हरवला की घड्याळजी दुकानाची फरशी गुडघ्यांवर बसून चाचपत. परवा संध्याकाळी ते तसेच गुडघे झाडत घरी आले होते.

"सापडला का?" बाईंनी विचारलं होतं.

"छे. चिमट्यातून उडाला. आता आपण उडायचं वय, तर आधी तो उडाला."

त्या वेळी बाई हसल्या होत्या. आता ते हसू परत घेता आलं असतं तर बरं, असं त्यांना वाटलं. स्क्रू उडालेला नव्हता. कफाने त्याला ओढून घेतलं होतं. आणि त्या कफात चुंबक बसवलं होतं ते बाईंनीच, स्वतःच्या हाताने.

घड्याळजींची पुरुषांच्या कपड्यांबद्दल ठाम मतं होती, आणि ती ते कुणी न विचारता देत. वय वाढत जाईल तसं माणसाने कपड्यांत एकेक पायरी वर चढावं, खाली उतरू नये, हे त्यातलं पहिलं. "विशीतला पोरगा फाटकी पँट घालून हिंडला तर लोक फॅशन म्हणतात. मी हिंडलो तर कुणीतरी हाताला धरून घरी आणून सोडेल." पट्टा हवा, नाडी नको. बूट बांधायचे हवेत, पाय सरकवायचे नकोत. आणि साठी उलटलेल्या माणसाने कोपर चारचौघांत आणू नये. "चेहऱ्याचं एक बरं असतं. मिशा असतात, चष्मा असतो. कोपराला बिचाऱ्याला काय आहे? ते उघडंच म्हातारं होतं."

त्यामुळे बारा महिने पूर्ण बाहीचा पांढरा शर्ट, आणि कफ मनगटाशी गच्च लावलेले. यात नुसता तोरा नव्हता. दुकानातल्या खिडकीपाशी जे मोठं टेबल होतं, त्यावर मोकळ्या बाहीने बसायचं नाही, हा घड्याळजींच्या वडिलांच्या काळापासूनचा नियम. ढिली बाही नजर चुकवून चार चाकं झाडून नेते, आणि उघड्या हाताचा घाम नि केस घड्याळात जातात. कफ लावायचे, मग भिंग डोळ्याला लावायचं, मग चिमटा उचलायचा. घड्याळजींनी आयुष्यभर या क्रमात बदल केला नाही.

मग त्यांची बोटं बदलली. आधी सकाळी सकाळी जडशी वाटायची, मग उजवा हात थोडा थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, फार धास्ती घेऊ नका. फार म्हणजे किती, ते डॉक्टर बोलले नाहीत आणि या दोघांनी विचारलं नाही. घरातून निघताना घड्याळजी दाराशी उभे राहत आणि दोन्ही हात पुढे धरून बघत, जणू हाताला काही लागलंय का ते तपासतायत. बाई चहाचा कप खाली ठेवत आणि कफाची बटणं लावून देत. कप ठेवण्याबद्दल बोलणं होई, चहात साखर कमी पडल्याबद्दल होई. बटणांबद्दल एक अवाक्षर नाही. अशी दोन वर्षं गेली. ती बाईंच्या हिशेबाने सुखाची वर्षं होती.

पण बाईंचे अंगठेही काही अमरपट्टा घेऊन आले नव्हते. त्यांच्या सांध्यांनी एका थंडीत असा संप केला की चिमटीत धरलेलं बटण काजाच्या तोंडाशी जाई आणि तिथूनच माघारी येई. एका सकाळी दोघं दाराशी कितीतरी वेळ उभी होती. दोघांची मिळून वीस बोटं आणि एक बटण काजातून जाईना. शेवटी घड्याळजी म्हणाले, "राहू दे. ठकीला लावायला सांगतो दुकानात." आणि मान खाली घालून निघून गेले.

ठकी म्हणजे त्यांची मुलगी. नाव चांगलं लांबलचक होतं, पण घरी-दारी ठकीच. दोन मुलांची आई झाली तरी ठकी. दुकानाचा काउंटर तीच सांभाळायची. सेल बदलणं, पट्टे लावणं, गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळणं. मोठं काम तिला येत नव्हतं असं नाही. घड्याळजींनीच तिला शिकवलं होतं. पण खिडकीचं टेबल एकच, आणि त्यावर बसलेला माणूस उठलेला नव्हता. त्याने कधी उठायचं हा विषय घरात निघे, आणि निघाल्याबरोबर कुणीतरी पंख्याचा वेग कमी करायला उठे.

लेकीकडून बटण लावून घेतलं त्या दिवशी घड्याळजी नीट जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी बाई बाजारात गेल्या आणि छोट्या गोल चकत्यांसारखी चुंबकं घेऊन आल्या.

पूर्वी बाई शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या. अजूनही रस्त्यात त्यांना पाहून टक्कल पडलेले लोक सिगारेट पाठीमागे लपवत. घड्याळाला चुंबक वर्ज्य हे काय त्यांना ठाऊक नव्हतं? घड्याळाच्या पोटात केसासारखी बारीक गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिला चुंबक लागलं की वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पिसाळल्यासारखं पुढे धावतं. म्हणून त्यांनी आधी हिशेब मांडला. अंतर वाढलं की चुंबकाचा जोर किती झपाट्याने घसरतो, ते त्यांनी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेलं. घड्याळजी काम करताना मनगट हवेत ठेवत. बोटं टेबलावर आणि मनगट घड्याळापासून चांगलं वीतभर दूर. ती त्यांची ऐट होती, बाईंनी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिली तीच. वीतभरावर त्या चकतीचा जोर पृथ्वीच्या स्वतःच्या चुंबकत्वापेक्षाही कमी भरत होता. बाईंनी हिशेब दोनदा तपासला आणि मग सुई ओवली.

वर नेहमीचं बटण शोभेला तसंच ठेवलं, कापडाच्या दोन पदरांत चकत्या. कफ जवळ आणला की आपोआप मिटायचा. घड्याळजींना त्या म्हणाल्या, "नव्या तऱ्हेची टिचबटणं आहेत. आत शिवायची. पितळी."

"पितळी ना?"

"पितळी."

एवढंच. घड्याळजींनी स्वतःच्या हाताने कफ मिटवला, उघडला, पुन्हा मिटवला. मग आरशासमोर जाऊन मिशीवरून हात फिरवला. बाईंनी त्यांच्याशी सगळ्या जन्मात बोललेलं एवढं एकच खोटं असेल. पितळ हा शब्द तोंडातून निघताना त्यांना जरासुद्धा अडखळायला झालं नव्हतं.

आणि आता हा स्क्रू.

पोलादाचा कण स्वतःहून कफाकडे यायचा तर कफ त्याच्याजवळ हवा. वीतभरावरून तो यायचा नाही. पेरभरावरून येईल. म्हणजे मनगट आता हवेत राहत नव्हतं. थरथर आवरायला घड्याळजी ते टेबलावर रेटून धरत होते, थेट घड्याळाला खेटून. कधीपासून, कोण जाणे. त्यांनी हे कुणालाही कळू दिलं नव्हतं. आणि बाईंचा सगळा हिशेब त्यांच्या जुन्या ऐटीवर उभा होता.

आजच सांगून टाकायचं, असं ठरवून बाई दुपारचा डबा घेऊन स्वतः दुकानात गेल्या.

दुकानात वकील बसले होते. हे घड्याळजींचे शाळेपासूनचे दोस्त. सगळी हयात काळ्या डगल्यात काढून आता निवृत्त झालेले, आणि निवृत्तीपासून काळा रंग म्हणून अंगाला लावून घेत नव्हते. आज हिरवागार टी-शर्ट, कमरेला इलॅस्टिक असलेली पँट, आणि पायांत चिकटपट्टीचे बूट.

"या वहिनी," वकील म्हणाले. "तुमच्या नवऱ्याने मला आत आल्या आल्या काय विचारलं असेल?"

"काय?"

"पिंजरा कुठे ठेवून आलास."

"मग चूक काय विचारलं," खिडकीच्या टेबलावरून, पाठ न वळवता घड्याळजी म्हणाले. "या वयात असा हिरवा? पोपट झालाय तुझा."

"झालाय तर झालाय. सकाळी डोक्यातून घातला की झाले कपडे. ना बटण, ना काज, ना कुणाचे उपकार. तुझ्यासारखं नवरदेव होऊन स्टुलावर बसायचं मला काय पडलंय?"

"नवरदेव नाही. माणूस. माणसासारखा कपडा घातला की समोरचाही माणसासारखा बोलतो."

"मग माझ्याशी का नाही बोलत?"

ठकी काउंटरमागे तोंड फिरवून हसली. बाईंनी डबा ठेवला. बोलायचं ते शब्द त्यांनी वाटेभर तोंडात घोळवून आणले होते, पण वकिलांसमोर कसे काढायचे?

"बरं, थट्टा पुरे," वकील म्हणाले आणि त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून काउंटरवर ठेवलं. "हे बघ काय करतंय ते. वडिलांचं घड्याळ, एवढी वर्षं चूक म्हणून नाही केली. तू साफ करून दिल्यापासून त्याला कसली घाई सुटलीय, कळत नाही. जेवायला बसलो की ते झोपायची वेळ दाखवतं. मागच्या वेळी तू दुरुस्त करून दिलंस, चार दिवस होत नाहीत तोच पुन्हा तेच. मी तक्रार नाही करत हां. घरी सून म्हणते, घड्याळाचा काय दोष, तुम्हालाच सवय नाही धीर धरायची."

घड्याळजी उठून काउंटरपाशी आले. डावा हात खिशात, उजवा काउंटरच्या कडेला टेकलेला. "मोबाइलजवळ ठेवतोस रात्री?"

"मोबाइल असतो सुनेकडे. मला कोण देतंय."

"चुंबक लागलंय याला. बघ, दाखवतो." घड्याळजींनी खणातून छोटं होकायंत्र काढून काचेवर ठेवलं. उजव्या हाताने घड्याळ उचललं आणि जवळ नेलं. सुई थरथरली आणि हळूच त्यांच्याकडे वळली.

बाईंनी काचेची कड घट्ट धरली.

"दिसलं?" घड्याळजी म्हणाले. खणाशेजारी चुंबकत्व काढायचं यंत्र होतं; त्यांनी घड्याळ त्यावर धरलं, बटण दाबलं, यंत्र गुरगुरलं. मग घड्याळ पुन्हा होकायंत्राजवळ आणलं. सुई पुन्हा वळली. तेवढीच.

त्यांनी परत यंत्र लावलं. सुई परत वळली. वकील काहीतरी विनोद करणार होते, पण दोस्ताचा चेहरा बघून त्यांनी तो गिळला.

"यंत्र जुनं झालंय, बाबा," ठकी म्हणाली. "आणा इकडे." तिने चिमट्याने घड्याळाचा पट्टा धरून ते होकायंत्राजवळ नेलं. सुई जागची हलली नाही. ठकी गोंधळली. "आता तर ठीक आहे."

"दे." घड्याळजींनी ते पुन्हा आपल्या हातात घेतलं आणि जवळ नेलं. सुई वळली.

भिंतीवरची सगळी घड्याळं आपापल्या परीने बोलत राहिली.

आता सांगायला हवं, बाई मनात म्हणाल्या. आता, या क्षणी. पण सांगायचं काय? तुमच्या कफात चुंबक आहे, आणि ते मी घातलं, कारण तुम्हाला बटण लावता येत नाही. हे वकिलांसमोर, ठकीसमोर, दार ढकलून नुकत्याच आत आलेल्या एका अनोळखी गिऱ्हाइकासमोर, ज्याला फक्त पट्टा हवा होता. त्यांनी डब्याचं झाकण उगीच घट्ट केलं.

"घड्याळ ठेवून जा," घड्याळजी वकिलांना म्हणाले. "बघतो."

"राहू दे की. नाहीतरी मला कुठे वेळेवर जायचंय."

"ठेवून जा म्हटलं ना."

पुढचा दिवस दुकानाच्या सुट्टीचा होता. सकाळी चहा घेताना घड्याळजी बराच वेळ कपातच बघत बसले. घरात ते पूर्ण बाहीचा शर्टच घालत, पण आज कफ उघडे होते.

"एक विचारू?" ते म्हणाले. "तू शिकलेली आहेस म्हणून विचारतो. माणसाच्या अंगात चुंबक येतं का?"

"म्हणजे?"

"म्हणजे या गोळ्या घेतोय मी. त्यात लोह वगैरे काही असेल. किंवा ते डोक्याचे फोटो काढायचं मोठं यंत्र, त्यात मला झोपवलं होतं. त्याने हातात काही शिरलं असेल का? सुई माझ्या हाताकडे वळते. काल तू पाहिलंस. ठकीच्या हातात घड्याळ नीट असतं, माझ्या हातात आलं की बिघडतं." ते थोडं हसले. "एवढी वर्षं लोकांची घड्याळं बरी केली या हाताने. आता हातच त्यांना बाधतोय."

"असं काही होत नसतं," बाई म्हणाल्या.

"मग काय असेल? सगळी हत्यारं तपासली. स्टूल बदललं. ठकीचा रेडिओसुद्धा मागच्या खोलीत हलवायला लावला. म्हटलं, शर्टाची बटणं असतील, तर ती तू लावलेली. पितळी. पितळाचं आणि चुंबकाचं काही देणंघेणं नाही, ते मला तुझ्याकडूनच कळलंय." त्यांनी कप खाली ठेवला. ठेवताना तो बशीवर टकटक वाजला. "म्हणजे राहिलो मी."

ते आंघोळीला गेले. बाई बसल्या जागी बसून राहिल्या. त्यांच्या मनात दोन वाटा होत्या. खरं सांगितलं, तर साध्या बटणांवर यावं लागेल. साधी बटणं लावणार कोण? आणि बटणांचं काहीतरी जमवता येईल एक वेळ, पण टेबलाला रेटलेल्या त्या मनगटाचं काय करायचं? नाही सांगितलं, तर हा माणूस आपल्याच हाताला घाबरून जगणार. शाळेत त्या मुलांना सांगायच्या, उत्तर चुकलं तरी चालेल, पायऱ्या दाखवा. इथे पायऱ्या दाखवल्या की उत्तर आपोआप दिसत होतं, आणि ते उत्तर त्यांना नको होतं.

त्यांनी कपाटातून सगळे पांढरे शर्ट काढले, जेवणाच्या टेबलावर मांडले आणि कात्रीने शिवण उसवायला घेतली. निदान एवढं तरी करावं. उद्याचं उद्या बघता येईल. अंगठे दुखत होते; एकेक टाका सोडवताना कात्री हातातून निसटत होती.

तेवढ्यात ठकी आली. सुट्टीच्या दिवशी ती मुलांना नवऱ्यावर सोपवून आईकडे येई. चपला काढता काढता तिने टेबलाकडे पाहिलं.

"आई, एवढे शर्ट? काय झालं?"

"काही नाही. बटणं बदलतेय."

"आण, मी उसवते. तुझे अंगठे बघ कसे सुजलेत." ठकीने शर्ट ओढला, कात्रीचं टोक घातलं आणि कफ उलटा करून झटकला. एक चकती टेबलावर पडली. मग दुसरी. पडल्या पडल्या दोघी एकमेकींकडे धावल्या आणि टक् करून जुळल्या.

न्हाणीघराच्या दारात घड्याळजी अंगात शर्ट चढवून, टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते. ते कधी बाहेर आले ते या दोघींना कळलं नव्हतं. चोवीस तास बारीक आवाज ऐकण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला हा आवाज कसला हे विचारावं लागलं नाही.

"पितळ पितळाला चिकटत नाही," ते म्हणाले.

बाईंनी मान वर केली नाही. "चुंबक आहे. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

घड्याळजी टेबलापाशी आले, खुर्ची ओढून बसले. चकत्यांची जोडी उचलायचा प्रयत्न केला, बोटांतून सटकली, पुन्हा उचलली. ठकी त्या चकत्यांकडे, मग आईकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला.

"म्हणजे हे होतं होय," ती म्हणाली. "अगं आई, काय तू पण. आम्ही तिकडे यंत्राला शिव्या घालतोय, बाबा स्टुलं बदलतायत, आणि चोर इथे कफात बसलाय." ती हसायला लागली. सुटका झाल्यासारखं हसू. "बाबा, ऐकलंत ना? तुमच्या हातात काही नाही. वकीलकाकांच्या घड्याळालाही काही नाही. सगळी आईच्या शिवणकामाची करामत. आता साधी बटणं लावू, मी सकाळी जाता जाता इथे येत जाईन, दोन मिनिटांचं काम. झालं. मिटलं."

बाईंना वाटलं, खरंच मिटावं. ठकीने आयती वाट काढून दिली होती. सगळा दोष आपल्या माथी आला तर आणखी काय हवं होतं? बाई आनंदाने तो डोक्यावर घेऊन घरभर नाचल्या असत्या.

"हो," त्या म्हणाल्या. "माझीच चूक. हिशेबात चुकले मी."

घड्याळजींनी त्यांच्याकडे पाहिलं. "हिशेब मांडला होतास?"

"मांडला होता."

"किती अंतर धरलं होतंस? मनगटापासून घड्याळापर्यंत."

बाईंनी उसवलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"सांग ना. तू अंदाजपंचे काही करणारी नाहीस. काय धरलं होतंस?"

"एक वीत," बाई म्हणाल्या. "पण तेच चुकलं. आकडेमोडीत चुकलं माझं. एका वितीवरूनही लागत असणार. हल्लीची चुंबकं फार जोरकस असतात."

"तुझी आकडेमोड," घड्याळजी म्हणाले, "ती चुकल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही. भाजीवाल्यांनी पाहिलं असेल तर माहीत नाही."

त्यांनी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकला. मग चकत्यांची जोडी टेबलाच्या मधोमध ठेवली, जिथे घड्याळ ठेवतात तशी, आणि दुकानात बसतात तसे तिच्यावर वाकले. उजवा हात पुढे आणला. क्षणभर तो जुन्या सवयीने हवेत राहिला, बोटं खाली, मनगट वर, आणि त्या क्षणभरात तो असा थरथरला की ठकीने नजर दुसरीकडे वळवली. मग त्यांनी मनगट खाली टेकवलं, टेबलावर दाबलं, डाव्या हाताने वरून धरलं. थरथर थांबली. मनगट चकत्यांना चिकटून होतं.

"असा बसतो मी," ते म्हणाले. "गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून. पाठ तुमच्याकडे असते म्हणून दिसत नाही. मुद्दामच पाठ तुमच्याकडे करून बसतो."

"बाबा, पण त्याने काय होतं," ठकी म्हणाली. "हात टेकवून काम करणारे खूप आहेत. चुंबक काढलं की काही प्रश्नच नाही."

"चुंबकाने घड्याळ पुढे गेलं. पण वकिलाच्या घड्याळात चाकं बसतात त्या पत्र्यावर आतून ओरखडा पडलाय, तो चुंबकाने पाडला नाही. तो मी पाडला. त्याला दिसणार नाही. तुला दिसला असता, म्हणून मी ते तुझ्या हाती फार वेळ राहू दिलं नाही." त्यांनी हात उचलून मांडीवर ठेवला. तो तिथेही हलत राहिला. "टिचबटणांचं मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. शर्ट घालताना कफ खुर्चीच्या खिळ्याकडे ओढ घेतो, हे काय माझ्या ध्यानात आलं नसेल? पण स्वतःच्या हाताने लागत होते ना कफ. म्हटलं, पितळी म्हणालीय ती, तर असतील पितळी."

बाईंना काहीतरी बोलायचं होतं. आपण अंतर मोजलं ते ज्या माणसाचं होतं, तो माणूस कधीच उठून गेला होता, आणि आपण त्याच्याच मापाने शिवत बसलो, असं काहीतरी. पण ते बोलून कुणाला काय मिळणार होतं? त्यांनी समोरचा शर्ट जवळ ओढला आणि त्याच्या अर्धवट उसवलेल्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिल्या.

"काढू काहीतरी मार्ग," ठकी म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "डॉक्टरांना पुन्हा दाखवू. गोळी बदलून देतील. घाई काय आहे, बाबा? बसा की तुम्ही. मोठी कामं नका घेऊ, भिंतीवरची घड्याळं बघा..."

"ठके."

ती थांबली.

घड्याळजी आपल्या उघड्या कफांकडे बघत होते. त्यांनी डावी बाही कोपराच्या दिशेने एक घडी वर सारली, मग तशीच राहू दिली. बाईंना ते कोपर दिसत होतं. तिथली कातडी सुटी पडली होती. आणखी थोडा वेळ ते काही बोलणार नाहीत, अशी बाईंना आशा वाटली. पंख्याकडे जावं म्हणून त्या अर्धवट उठल्याही. पण घड्याळजींनी त्यांचं मनगट धरलं आणि खाली बसवलं, आणि बोलले मात्र लेकीशी.

"उद्यापासून खिडकीच्या टेबलावर तू बस."